सहनिर्माता होताना: मराठी चित्रपटात पैसे घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर

चित्रपटाचा निर्माता कोण, हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्पष्ट केलेले आहे. कलाकृती घडवण्यासाठी जो पुढाकार घेतो आणि तिची जबाबदारी स्वीकारतो तो निर्माता, आणि चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणूनही कायदा त्यालाच ओळखतो. सहनिर्मात्याची व्याख्या मात्र त्या कायद्यात नाही. त्यामुळे पोस्टरवर सहनिर्माता म्हणून ज्याचे नाव झळकते त्याच्याकडे चित्रपटाची अंशतः मालकी असू शकते, नुसता नफ्यातला वाटा असू शकतो, श्रेयनामावलीतल्या एका ओळीपलीकडे काहीच नसू शकते, किंवा दुसऱ्याने केलेल्या देण्यांचा भारही असू शकतो. यांतले काय आहे, ते केवळ त्याच्या करारावरून ठरते.

हिशेबनीस म्हणून बरीच वर्षे चित्रपटांच्या निर्मितीत काम केल्यावर मी स्वतः दोन चित्रपटांचा सहनिर्माता झालो. या काळात सांगली, नाशिक, बार्शी अशा ठिकाणांहून आलेली, धंद्यात दोन पैसे गाठीशी बांधलेली आणि सिनेमावर मनापासून प्रेम करणारी कितीतरी माणसे मी पाहिली, आणि त्यांतल्या अनेकांनी एका नॅरेशनच्या, म्हणजे ऐकवलेल्या कथेच्या, भरात वीस-पंचवीस लाखांचा शब्द दिला. त्या माणसांचे पैसे वाया जाऊ नयेत आणि त्यांच्या पैशांतून चांगले चित्रपट पुरे व्हावेत, या दोन्ही गोष्टींची मला तळमळ आहे, म्हणून हा मार्ग क्रमाने लिहीत आहे.

आपण काय आणणार आहोत?

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झाली, तेव्हा दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि धायबर हे चौघे आपापला हुन्नर घेऊन आले होते आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी भांडवल उभे केले होते. पाचही जण भागीदार होते, पण प्रत्येकाचे देणे, म्हणजे योगदान, वेगळे होते. सहनिर्मात्यानेही पहिल्याच दिवशी आपले देणे कोणते, ते स्वतःशी ठरवावे. पैसा हे एक देणे आहे. महिना-दीड महिना चित्रीकरणावर उभे राहून खर्चाला आवर घालणे, वाई-मेणवलीच्या परिसरात वाडा, घाट आणि गावकऱ्यांची संमती मिळवून देणे, वितरकाशी किंवा ओटीटी मंचाशी असलेली ओळख कामी आणणे, हीसुद्धा देणीच आहेत.

वस्तुरूपाने किंवा श्रमरूपाने दिलेल्या योगदानाची किंमत कागदावर आली नाही, तर पुढे ते योगदान कोणाच्या लक्षातही राहत नाही. आपला बंगला पंचवीस दिवस चित्रीकरणाला दिला असेल, युनिटचा मुक्काम आपल्या हॉटेलात असेल किंवा आपल्या चार गाड्या धावत असतील, तर बाजारभावाने त्यांचे भाडे काढावे आणि तेवढी रक्कम आपली गुंतवणूक म्हणून करारात नमूद करून घ्यावी. ‘घरचेच आहे, नंतर बघू’ असे ज्यांनी म्हटले, त्यांपैकी कोणाचे नंतर पाहिले गेल्याचे मला आठवत नाही.

पदनामांतला फरकही येथेच समजून घ्यावा. लाइन प्रोड्यूसर हा ठरलेल्या मानधनावर चित्रीकरणाची व्यवस्था पाहतो आणि कार्यकारी निर्माता निर्मात्याच्या वतीने कारभार हाकतो. ‘प्रस्तुत’ या शब्दाखाली येणारे नाव पुष्कळदा तयार चित्रपट प्रदर्शित करणाऱ्याचे असते. अमेरिकेतील दूरचित्रवाणी मालिकांत तर ‘को-प्रोड्यूसर’ ही लेखकांच्या चमूतली बढतीची एक पायरी आहे, त्यामुळे तिकडच्या श्रेयनामावलीवरून इकडच्या अपेक्षा बांधू नयेत.

कथेचे कागद पाहिल्याशिवाय बजेटला हात लावू नये

नॅरेशन आवडले की बहुतेक जण बजेट मागतात. त्याआधी हक्कांची साखळी मागावी. कथा, पटकथा, संवाद, गीते आणि संगीत, तसेच चित्रपट कादंबरीवर वा नाटकावर बेतलेला असेल तर मूळ कलाकृती, या प्रत्येकाचे लेखी व स्वाक्षरी केलेले हस्तांतरणपत्र निर्मात्याच्या नावे असले पाहिजे. तोंडी परवानगी कायद्याला मान्य नाही. हस्तांतरणपत्रात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर ते हक्क भारतापुरतेच मानतो. मिळालेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत आणि पत्रात वेगळे काही ठरलेले नसेल, तर ते हस्तांतरण संपुष्टात येते. तीन वर्षांपूर्वी कादंबरीकाराकडून एका पानावर सही घेतलेला आणि तेव्हापासून पैशांच्या शोधात फिरणारा निर्माता समोर असेल, तर त्याच्या हातात आज खरोखर काही आहे का, हे त्या एका पानावरूनच कळेल.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखक, गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी मिळणारे मानधन करारानेही सोडून देता येत नाही. ‘सर्व हक्क कायमचे घेतले’ असे वाक्य करारात दिसले, तरी उत्पन्नाचा अंदाज बांधताना तो वाटा वजा धरावा. शीर्षकाची नोंद निर्मात्यांच्या मान्यताप्राप्त संस्थेकडे झाली आहे का आणि ती याच निर्मितीसंस्थेच्या नावावर आहे का, हेही पाहावे. पोस्टर छापून झाल्यावर शीर्षक बदलावे लागले तर तो खर्च सर्वांच्याच खिशातून जातो.

बजेट वाचण्याची रीत

बजेटच्या बेरजेवर फार वेळ घालवू नये, कारण ती गुंतवणूकदाराला पेलेल अशीच आणलेली असते. चित्रीकरणाचे दिवस आणि पटकथेची पाने शेजारी ठेवावीत. एकशे दहा पानांची पटकथा बावीस दिवसांत उरकायची म्हणजे दिवसाला पाच पाने, आणि त्या पानांत जत्रा, रात्रीचा पाऊस किंवा लहान मुले असतील तर हे गणित सुटणार नाही. त्यानंतर शेवटचे पान उघडावे. संकलन, डबिंग, पार्श्वसंगीत, डीआय (चित्राचे रंग पक्के करण्याचे काम), ध्वनिमिश्रण आणि डीसीपी (चित्रपटगृहाला पाठवायची अंतिम डिजिटल प्रत) यांची तरतूद ठोक एका ओळीत उरकली असेल, तर चित्रपट टेबलावर अडकून पडण्याची दाट शक्यता असते. अकल्पित खर्चासाठी सुमारे दहा टक्के बाजूला आहेत का, आणि प्रसिद्धी व प्रदर्शनाचा खर्च बजेटच्या आत आहे की बाहेर, हे स्पष्ट विचारावे. मराठीत हा दुसरा प्रश्न जितका महत्त्वाचा आहे तितकाच तो टाळला जातो.

बजेटमध्ये सहज न दिसणारे काही नियम खर्च आणि वेळ दोन्ही वाढवतात. शॉटमध्ये बैलजोडी, घोडा किंवा कुत्रा असेल तर भारतीय पशुकल्याण मंडळाकडे आधी अर्ज करावा लागतो आणि सेन्सॉरच्या वेळी त्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडावे लागते. ग्रामीण चित्रपटात ही गोष्ट विसरली, तर उत्तम जमलेला प्रसंग कापायची वेळ येते. बालकलाकार असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि त्याच्या मानधनाचा किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत जमा करावा लागतो. बारा तासांची पाळी धरून आखलेले वेळापत्रक या एका नियमाने कोलमडते. कायद्याची सक्ती बाजूला ठेवली तरी मुलांच्या बाबतीत हा नियम मनापासून पाळावा, असे मला वाटते.

करार

लेखाचा सर्वांत लांब भाग हाच आहे, कारण बहुतेक भांडणे येथे न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात.

पहिला प्रश्न स्वरूपाचा. साध्या भागीदारी संस्थेत भागीदार म्हणून शिरलात, तर संस्थेच्या सर्व देण्यांना तुमची वैयक्तिक मालमत्ताही बांधली जाते, मग तुमचा वाटा दहा टक्केच का असेना. मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, किंवा खासगी कंपनी या एका चित्रपटापुरती स्थापन केली तर तो धोका पुष्कळच आटोक्यात येतो. तिसरा मार्ग म्हणजे निर्मात्याच्या संस्थेत न शिरता तिच्याशी स्वतंत्र सहनिर्मिती करार करणे. लहान गुंतवणुकीला तो सोयीचा पडतो, मात्र त्यात ‘आम्ही परस्परांचे भागीदार नाही आणि एकमेकांच्या वतीने देणे करू शकत नाही’ हे कलम असलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न मालकीचा. नफ्यातला वाटा आणि कॉपीराइटमधला वाटा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे टिकतो. आज चित्रपटगृहात पडलेला चित्रपट आठ वर्षांनी दुसऱ्या भाषेत नव्याने बनतो किंवा एखाद्या मंचाला विकला जातो, तेव्हा ज्याचा कॉपीराइटमध्ये वाटा आहे त्याच्या सहीशिवाय तो व्यवहार पुढे सरकत नाही. नुसत्या नफ्याच्या वाटेकऱ्याला ते वर्तमानपत्रातून कळते. म्हणून पुनर्निर्मिती, दुसरा भाग, डबिंग, संगीत, ओटीटी, उपग्रह वाहिन्या आणि परदेशातील हक्क यांतला प्रत्येक हक्क नावानिशी लिहून घ्यावा.

तिसरा प्रश्न वसुलीच्या क्रमाचा. एक काल्पनिक हिशेब मांडतो. चित्रपटाचा निर्मितिखर्च दोन कोटी, तुमचे चाळीस लाख, म्हणजे वाटा वीस टक्के. प्रसिद्धी आणि प्रदर्शनासाठी वितरकाने साठ लाख आगाऊ घातले. तिकीटविक्री तीन कोटींची झाली आणि सर्वांनी पेढे वाटले. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला अठरा टक्के जीएसटी आहे. सगळी विक्री तशीच धरली तर कर वजा जाता सुमारे दोन कोटी चोपन्न लाख उरतात. चित्रपटगृहे आठवड्यागणिक आपला हिस्सा वाढवत नेतात. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात ठरलेल्या सूत्रात निर्माता-वितरक बाजूला पहिल्या आठवड्यात ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के, अशी उतरंड होती. आपण सरासरी ४५ टक्के धरू. म्हणजे सुमारे एक कोटी चौदा लाख आपल्या बाजूला आले. वितरकाचे पंधरा टक्के कमिशन गेले, राहिले सुमारे सत्त्याण्णव लाख. त्याचे साठ लाख फिटले, राहिले सदतीस लाख. त्यातले वीस टक्के, म्हणजे साडेसात लाखांच्या आतबाहेरची रक्कम तुमची.

तीन कोटींच्या गल्ल्यातून चाळीस लाखांवर साडेसात लाख परत. उरलेली भरपाई ओटीटी आणि उपग्रह हक्कांतूनच व्हायची असते, आणि करारात ‘चित्रपटगृहांतील नफ्याच्या वीस टक्के’ एवढेच लिहिलेले असेल तर त्या रकमेवर तुमचा दावाच उरत नाही. ‘नफा’ हा एकटा शब्द कधीही मान्य करू नये. कोणत्या उत्पन्नातून, कोणत्या वजावटी कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, त्यानंतर आधी गुंतवणूक परत आणि मग वाटणी, असे परिशिष्ट जोडून त्यात एक नमुना हिशेब आकड्यांनिशी मांडावा. आकडे मांडले की दोन्ही बाजूंना काय अभिप्रेत होते, ते त्याच दिवशी उघड होते.

खर्च बजेटबाहेर गेला तर तो कोण घालणार आणि त्यामुळे तुमचा वाटा कमी होणार का, हेही लिहावे. पैसे एकरकमी देऊ नयेत. करारावर काही, चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी काही, वेळापत्रक संपल्यावर काही आणि पक्के संकलन पाहिल्यावर उरलेले, असे टप्पे पाडावेत. चित्रपटासाठी स्वतंत्र बँक खाते असावे आणि ठराविक रकमेवरच्या धनादेशावर दोघांच्या सह्या लागाव्यात. रोख देण्याघेण्याचा आग्रह कोणी धरला तर तेथेच थांबावे, कारण एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि अशा पैशांचा पुरावा पुढे कोणत्याच लवादापुढे उभा राहत नाही.

श्रेय कोणत्या शब्दात, कोणत्या क्रमाने, किती मोठ्या अक्षरांत, आणि पोस्टर, ट्रेलर व सेन्सॉर प्रमाणपत्र यांपैकी कोठे कोठे येणार, हे ठरवावे. प्रमाणपत्रावर अर्जदार आणि निर्माता यांची नावे असतात, आणि शासनाकडे पुढे होणाऱ्या अर्जांसाठी तो कागद महत्त्वाचा ठरतो.

आणखी एक कलम मी अनुभवातून शिकलो. माझ्या पहिल्या चित्रपटाचे प्रदर्शन शुक्रवारी होते आणि बुधवारी संध्याकाळी कळले की ध्वनिमिश्रण जेथे झाले त्या स्टुडिओचे बिल थकलेले आहे, आणि ते चुकते होईपर्यंत हार्ड डिस्क बाहेर पडणार नाही. स्टुडिओचे काही चुकले नव्हते. निर्मात्याचा फोन बंद होता. मी पैसे भरायला तयार असूनही माझे नाव त्यांच्या कोणत्याच कागदावर नसल्याने ते माल माझ्या हाती देईनात. त्या रात्री अकरा वाजता निर्मात्याच्या भावाला ठाण्याहून अंधेरीला आणून त्याच्याकडून पत्र घेतले, तेव्हा कुठे डिस्क सुटली. गुरुवारी दुपारी डीसीपी पोहोचल्या आणि बत्तीसपैकी चार पडद्यांवर केडीएम, म्हणजे डीसीपी उघडणारी डिजिटल किल्ली, वेळेत न आल्यामुळे सकाळचे खेळ रद्द झाले. तेव्हापासून, ज्या ज्या स्टुडिओत चित्रपटाचा मूळ डेटा, ध्वनी किंवा ग्रेडिंगच्या फायली असतील, त्या प्रत्येकाला निर्माता आणि सहनिर्माता दोघांच्या सहीचे पत्र आधीच द्यावे, असे मी सांगतो. देणे भागवून सामग्री ताब्यात घेण्याचा अधिकार दोघांनाही स्वतंत्रपणे आहे, एवढे त्यात लिहिलेले पुरते.

चित्रीकरणाच्या काळात

सहनिर्मात्याने कॅमेऱ्यामागे उभे राहून दिग्दर्शकाला सूचना करू नयेत, हे मी ठामपणे सांगेन. सर्जक निर्णयांत आपले मत कोठवर चालेल ते करारात आधीच लिहावे (अंतिम संकलनाचा अधिकार कोणाचा, हा त्यातला कळीचा मुद्दा) आणि मग सेटवर गप्प राहावे.

बोलावे ते कागदांशी. रोज रात्री येणारा डीपीआर, म्हणजे दिवसाचा निर्मिती अहवाल, वाचायला पंधरा मिनिटे लागतात. कॉल सकाळी सातचा होता आणि पहिला शॉट दहा-चाळीसला लागला, तर मधल्या तीन तास चाळीस मिनिटांत काय झाले? युनिटच्या यादीत बासष्ट नावे असताना दुपारी पंच्याऐंशी ताटे का उठली? जनरेटर चौदा तास चालला, पण दिवे नऊच तास लागले होते. असे प्रश्न प्रॉडक्शन मॅनेजरला दुसऱ्या दिवशी सकाळी, आवाज न चढवता आणि चारचौघांत न विचारता करावेत. उत्तर बहुतेक वेळा रास्त असते: शेजारच्या वस्तीतली मुले जेवून गेली, किंवा पावसाने ट्रॉली बसवता आली नाही. पण कोणीतरी वाचते आहे हे कळल्यावर पुढचे अहवाल आपोआप नीट भरले जातात. व्हाउचर क्रमांकित असावेत, दर शनिवारी झालेला खर्च आणि उरलेल्या कामाचा अंदाज एका पानावर यावा, आणि कलाकार-तंत्रज्ञांच्या मानधनातून कापलेला टीडीएस वेळेवर भरला जातो की नाही ते आपल्या सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे. स्पॉट दादा, लाइटमन आणि मेकअप सहायक यांचे पैसे थकले की चित्रपटाचे नाव बाजारात सर्वांत आधी खराब होते.

सेन्सॉर, अनुदान, प्रदर्शन

प्रमाणपत्राला वेळ ठेवावा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या) वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन पोटभाग झाले आहेत. कौटुंबिक चित्रपटाला अपेक्षेपेक्षा वरचा वयोगट मिळाला तर प्रेक्षकवर्गच बदलतो, म्हणून संवाद लिहितानाच याचा विचार व्हावा.

राज्य शासन मराठी चित्रपटांना परीक्षण करून दर्जानुसार अर्थसाहाय्य देते आणि ते काम गोरेगावच्या चित्रनगरीतून चालते. हा आधार मोलाचा आहे, पण चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यानंतरच तो हाती येतो. ‘अनुदान धरून बजेट जुळते’ असे कोणी सांगितले तर ती रक्कम वजा करून बजेट पुन्हा मांडायला लावावे, आणि अनुदान आले तर ते वसुलीच्या क्रमात कोठे बसेल हे करारात लिहावे.

प्रदर्शनाची तारीख ठरवण्यात सहनिर्मात्याचा शब्द असावा. मोठ्या हिंदी चित्रपटासमोर मराठी चित्रपटाला दुपारी बारा आणि रात्री पावणेअकरा असे खेळ मिळतात, आणि पडदे जितके जास्त घ्यावेत तितके डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्कही वाढते. दीडशे पडद्यांपेक्षा पुणे, कोल्हापूर, ठाणे अशा हक्काच्या शहरांतले साठ पडदे आणि संध्याकाळचे खेळ, हा सौदा अनेकदा शहाणपणाचा ठरतो.

परदेशी भागीदार हवा असेल तर गोव्यात भरणारा फिल्म बाजार हा २००७ पासूनचा खात्रीचा दरवाजा आहे. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, इटली, कॅनडा अशा अनेक देशांशी भारताचे सहनिर्मितीचे अधिकृत करार आहेत, आणि त्या चौकटीत बसलेला चित्रपट दोन्ही देशांचा मानला जातो. तेथे मात्र संहितेचे उत्तम इंग्रजी रूप आणि दोन वर्षांचा धीर घेऊन जावे लागते.

मालिकेचा सहनिर्माता

वाहिनीवरच्या दैनंदिन मालिकेचे अर्थकारण निराळे असते. सामान्यतः वाहिनी भागामागे ठराविक रक्कम देते आणि मालिकेचे सर्व हक्क तिच्याकडे राहतात. येथे सहनिर्माता मालकी विकत घेत नसतो, तो खेळते भांडवल पुरवतो. सेट उभारणीचा खर्च पहिल्याच महिन्यात होतो, कलाकारांचे दिवस रोज चढत जातात आणि वाहिनीचे बिल मंजूर होऊन पैसे यायला अनेकदा दोन-तीन महिने लागतात. ती मधली दरी भरण्याची ताकद किती महिन्यांची आहे, ते आधी मोजावे. मालिका किमान किती भाग चालेल याची हमी आहे का, लवकर बंद झाली तर सेटचा खर्च कोणाचा, आणि वाहिनीकडून येणारी रक्कम थेट संयुक्त खात्यात जमा होणार का, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. भागांची बँक, म्हणजे प्रसारणाच्या पुढे तयार असलेले भाग, दोन-तीनवर आली की खर्च वाढू लागतो, कारण मग दोन युनिटे लावून रात्रपाळ्या कराव्या लागतात. मालिकेच्या सहनिर्मात्याने रोज विचारायचा आकडा तोच आहे.

प्रदर्शनानंतर

पहिले वर्ष दर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी उत्पन्नाचे विवरण मिळण्याचे, तसेच वर्षातून एकदा आपल्या लेखापालाकडून वह्या तपासून घेण्याचे कलम करारात असते, पण ते वापरणारे थोडे असतात. विवरण आले नाही तर पंधरा दिवसांत लेखी आठवण द्यावी, मैत्री असली तरी द्यावी. ओटीटी कराराची मुदत कधी संपते ती तारीख डायरीत लिहून ठेवावी, कारण नूतनीकरण त्याच सुमारास होते आणि निर्मात्याने तोपर्यंत दुसरी संस्था काढलेली असू शकते. मूळ करार, त्याची परिशिष्टे, हक्कांची हस्तांतरणपत्रे, सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत आणि अंतिम डीसीपीची एक हार्ड डिस्क घरात एकाच जागी ठेवावी, ती डिस्क दोन-तीन वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवावी, आणि मृत्युपत्रात या वाट्याचा चित्रपटाच्या नावानिशी उल्लेख करून घरच्यांपैकी एकाला तरी ती फाइल उघडून दाखवावी.